‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’: २२ मिनिटांचं कार्टून २२ पानांत कसं बसलं

५ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ सुरू झाली. तिच्यावर बेतलेल्या ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ या डीसीच्या (बॅटमॅनची अमेरिकन प्रकाशन कंपनी) मासिक कॉमिकच्या पहिल्या अंकावर ‘ऑक्टोबर १९९२’ छापलेलं आहे. त्या काळी अमेरिकन कॉमिकच्या मुखपृष्ठावरचा महिना दुकानात अंक येण्याच्या साधारण दोन महिने पुढचा असायचा. म्हणजे हा अंक लिहून, काढून, रंगवून छापखान्यात गेला तेव्हा मालिकेचा एकही भाग प्रेक्षकांसमोर आलेला नव्हता. लेखक केली पकेट, पेन्सिलकाम करणारा टाय टेम्पलटन आणि शाईकाम करणारा रिक बर्चेट यांना गाजलेल्या मालिकेचा फायदा उठवायचा नव्हता. जी मालिका अजून कुणी पाहिलीच नव्हती, तिच्यासारखं दिसणारं आणि वागणारं पुस्तक त्यांना दरमहा द्यायचं होतं.

टीव्हीवरच्या सुपरहिरो कार्टूनचं कॉमिक निघणं यात नवं काही नव्हतं. डीसीनेच १९७६ ते १९८१ या काळात ‘सुपर फ्रेंड्स’चे ४७ अंक काढले होते. अशा कॉमिकला दुकानदार, समीक्षक आणि बरेचसे चित्रकारही दुय्यम माल समजत. ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ मात्र ३६ अंक चालली, तिच्या दोन विशेष अंकांना आयस्नर हे कॉमिक जगातले मानाचे पुरस्कार मिळाले आणि जोकरची साथीदार हार्ली क्विन कॉमिकच्या पानावर पहिल्यांदा आली ती इथेच. आमच्या मते याचं कारण एकच. या चमूने मालिकेचे भाग उचलले नाहीत. मालिका ज्या नियमांवर चालत होती ते नियम उचलले. पुढे जिथे जिथे गाडी अडखळली, तिथे बहुतेक वेळा दोष चित्रात किंवा कथेत नव्हता. टीव्हीचं आणि मासिकाचं वेळापत्रक एकमेकांत अडकलं, हे खरं दुखणं होतं.

दोन सोपे रस्ते, दोन्ही सोडले

अशा कामात पहिला सोपा रस्ता म्हणजे प्रसारित भागाचीच कथा चौकटींत मांडणं. दुसरा म्हणजे नेहमीचंच बॅटमॅन कॉमिक काढून त्यावर मालिकेचं नाव चिकटवणं. पहिल्यात वाचकाला आधीच माहीत असलेली गोष्ट, तीही आवाज आणि हालचाल काढून टाकलेली, पैसे देऊन पुन्हा वाचावी लागते. दुसऱ्यात टीव्ही पाहून आलेल्या मुलाला मुखपृष्ठावरचा बॅटमॅन आत सापडत नाही आणि तो पुढचा अंक घेत नाही.

या कॉमिक-मालिकेत जवळपास सगळ्या कथा नव्या होत्या. प्रसारित कथेचं सरळ रूपांतर म्हणून ठळकपणे सांगता येईल ते १९९३ च्या ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ या चित्रपटाचं, आणि तेही नियमित अंकांबाहेर स्वतंत्र पुस्तक म्हणून निघालं.

बाजारातली वेळही जुळून आली. १९९३ मध्ये डीसीच्या मुख्य बॅटमॅन अंकांत ‘नाइटफॉल’ हे लांबलचक कथानक चालू होतं. जुलै १९९३ च्या ‘बॅटमॅन’ क्र. ४९७ मध्ये बेन हा खलनायक बॅटमॅनची पाठ मोडतो, आणि मग चिलखती पोशाखातला जाँ-पॉल व्हॅली त्याची जागा घेतो. टीव्ही बघून दुकानात आलेल्या वाचकाने मुख्य अंक उचलला तर त्यात ब्रूस वेन, म्हणजे खरा बॅटमॅन, बॅटमॅनच्या पोशाखात नाही, आणि गोष्ट समजायला आधीचे कित्येक अंक हवेत! शेजारच्याच ‘ॲडव्हेंचर्स’मध्ये ओळखीचा बॅटमॅन, ओळखीचा जोकर आणि बहुधा एका अंकात संपणारी कथा. मोठ्या वाचकांपैकीही बरेच जण याच कारणाने इकडे वळले.

२२ मिनिटं, २२ पानं

आकडा सारखा असला तरी हिशेब मुळीच सारखा नाही. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की भागाला २२ मिनिटांच्या आसपास उरतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ३१,६८० फ्रेम; एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं म्हटलं तरी १५,८४०. कॉमिकच्या अंकात आतली ३२ पानं, त्यांपैकी गोष्टीला २२, उरलेल्या दहांत जाहिराती आणि वाचकांची पत्रं. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर सगळी गोष्ट ११० चित्रांत सांगायची.

म्हणून पटकथा ‘कापून’ काम भागत नाही, ती पुन्हा रचावी लागते. पकेटने मालिकेचा सांगाडा जसाच्या तसा घेतला: प्रत्येक अंकाचे तीन अंक, नाटकातल्यासारखे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र शीर्षक. टीव्हीवर हे तुकडे जाहिरातींमुळे पडतात. पानावर त्यांची तशी गरज नव्हती, तरी ते ठेवले. त्याचा फायदा असा की दर सात-आठ पानांनी गोष्टीला एक ठाम वळण द्यावंच लागतं. बावीस पानं सलग लिहायला घेतलेला नवखा लेखक पहिली बारा पानं प्रस्तावनेत घालवतो आणि शेवटच्या चार पानांत हाणामारी, उलगडा आणि निरोप कोंबतो. तीन तुकड्यांची चौकट त्याला हे करू देत नाही.

एका तुकड्याचं चालेल असं गणित साधारण असं मांडता येतं. सात पानांपैकी पहिलं मोठं चित्र आणि शीर्षक, दुसऱ्या-तिसऱ्यात कोणाला काय हवंय ते स्पष्ट, पुढच्या तीन पानांत एकच प्रसंग नीट खेळवायचा, आणि सातव्याच्या तळाला अडचण वाढलेली दिसायला हवी. एका पानावर एकच ठिकाण ठेवलेलं बरं. दोन ठिकाणं आली की प्रत्येकासाठी एक ‘हे कुठे चाललंय’ दाखवणारी चौकट खर्ची पडते, आणि पाचांतल्या दोन तिथेच गेल्या की अभिनयाला तीनच उरतात.

संवादाचं मापही कडक लागतं. एका संवादाच्या फुग्यात २५ शब्दांपर्यंत, एका चौकटीत सगळे मिळून ३५ च्या आत. टीव्हीवर बॅटमॅन बोलत असताना प्रेक्षक त्याला हलतानाही पाहतो. पानावर फुगा चित्राची जागा खातो. पकेटने इथे धाडस केलं. त्याची पानंच्या पानं जवळजवळ शब्दांविना आहेत. निवेदनाच्या पिवळ्या चौकोनांनी गोष्ट पुढे ढकलायची त्या काळची सवय त्याने मोडली, कारण मालिकेत निवेदक नव्हता. ज्या गोष्टीचा पडद्यावर आधार घेतला नाही, तिचा पानावरही घ्यायचा नाही, हा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण अंकाचा वेग टीव्हीसारखा वाटतो तो यामुळेच.

पान उलटण्याची जागा हे कॉमिकचं स्वतःचं हत्यार. धक्का द्यायचा असेल तर तो उलटल्यावर दिसणाऱ्या डाव्या पानावर हवा. उजव्या पानावर ठेवला तर समोरची डावी पानं वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून तो फुटतो. पण जाहिराती कुठे पडणार हे लेखकाच्या हातात नसतं. गोष्टीचं आठवं पान अंकात डावीकडे येईल की उजवीकडे हे आधी नक्की कळलं नाही, तर अचूक रचलेला धक्का वाया जातो. म्हणून जाणता लेखक मोठा उलगडा पानाच्या शेवटच्या चौकटीत अर्धवट सोडतो आणि पुढच्या पानाच्या पहिल्या चौकटीत पूर्ण करतो. मग पान कोणत्याही बाजूला पडो.

काळा कागद आणि पांढरा कागद

मालिकेची ओळख तिच्या अंधारात होती. मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एरिक रॅडोम्स्कीने पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवून घेतल्या. म्हणजे अंधार आधीपासून होताच, चित्रकार फक्त उजेड भरत गेला. दुसऱ्या, ब्रूस टिमने पात्रं अगदी मोजक्या रेषांत बांधली: चौकोनी जबडा, पिंपासारखी छाती, निमुळते पाय, बुबुळं नसलेले पांढरे डोळे. हा साधेपणा केवळ हौसेचा नव्हता. प्रत्यक्ष ॲनिमेशन जपान आणि कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत व्हायचं, आणि प्रत्येक जादा रेषा हजारो चित्रांत पुन्हा पुन्हा काढावी लागायची. तरीही स्टुडिओ बदलला की बॅटमॅनचा चेहरा बदलायचा. काही भाग देखणे, काही ओबडधोबड.

कॉमिकमध्ये परिस्थिती नेमकी उलट. कागद पांढरा, अंधार शाईने आणायचा. आणि चित्र पडद्यावर क्षणभर टिकतं, पानावर वाचक हवा तितका वेळ बघत बसतो. पाच रेषांचा चेहरा हलत असताना चालून जातो. स्थिर असताना त्यातली एक रेष चुकली तरी ती डोळ्यात खुपते. त्यामुळे ‘सोपी शैली आहे, भराभर काढता येईल’ हा समज इथे पहिल्याच पानावर आपटतो.

मूळ चित्र ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर, आतला चित्रभाग साधारण १० बाय १५ इंच, आणि छापताना ते दोन-तृतीयांशाच्या आसपास लहान होतं. बोर्डावर ०.३ मिलिमीटरची दिसणारी रेष छपाईत ०.२ ची होते, आणि शाई शोषणाऱ्या साध्या कागदावर ती एकतर फुगते नाहीतर तुटते. बर्चेटने बाह्यरेषा जाड आणि आतल्या रेषा मोजक्या ठेवल्या, आणि बारीक रेघोट्यांनी सावली भरण्याऐवजी सलग काळे भाग टाकले. बॅटमॅनचा झगा म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा काळा आकार. तो कुठे ठेवला यावर पानाचा तोल ठरतो. झग्याच्या घड्या रेषांनी दाखवायला गेलं की तो कापड वाटतो. सलग काळा ठेवून फक्त कडेला निळी पट्टी सोडली की तो अंधाराचाच तुकडा वाटतो.

रंगकाम करणाऱ्या रिक टेलरची अडचण वेगळी. पडद्यावर गडद निळ्यावर गडद जांभळं छान उठतं, कारण पडदा स्वतः उजेड देतो. कागदावर तेच दोन रंग शेजारी आले की चिखल होतो. उपाय म्हणजे पार्श्वभूमी एका सपाट रंगात ठेवणं, तांबडी किंवा पिवळी किंवा फिकट हिरवी, आणि त्यावर काळी आकृती कापल्यासारखी उठवणं. मालिकेचे भाग आणि हे अंक शेजारी ठेवले तर कॉमिक बरंच उजळ दिसतं. तरी दोन्हींचा भाव एकच वाटतो, कारण आकृतीची बाह्यरेषा तीच आहे. रंग तंतोतंत जुळवण्याच्या नादात आकृती हरवणं ही या प्रकारच्या कॉमिकमधली नेहमीची चूक.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पडद्यावरच्या फ्रेम थांबवून त्यावरून चित्रं उतरवणं. हालचालीच्या मधली फ्रेम थांबवली तर ती अर्धवट असते; हात ना वर ना खाली. पानावर हवी असते ती हालचालीच्या टोकाची मुद्रा, जिच्यावरून आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे दोन्ही कळेल. मॉडेल शीट, म्हणजे पात्राची समोरून, बाजूने, मागून काढलेली प्रमाणबद्ध चित्रं, तीही प्रमाणापुरतीच वापरायची. त्यातली उभी राहण्याची ढब जशीच्या तशी पानावर आणली तर पात्रं शोकेसमधल्या पुतळ्यांसारखी दिसतात.

पेन्सिलकाराच्या निवडीतून हे सगळं दिसतं. पहिले तीन अंक टेम्पलटनने काढले. त्यांमागे जोकरचा एकच लांब डाव होता. चार ते सहा ब्रॅड रेडरने, जो खुद्द टीव्ही मालिकेवर स्टोरीबोर्डचं (प्रसंग आधी चित्रांत आखण्याचं) काम करत होता. सातव्या अंकापासून माइक पॅरोबेक आला आणि कॉमिकला त्याचा चेहरा मिळाला. पॅरोबेकची रेष टिमपेक्षा गोलसर आणि हलकी. त्याने टिमची नक्कल केली नाही, टिमची प्रमाणं घेऊन त्यांत स्वतःची उडी आणि लवचीकपणा घातला. पेन्सिल पॅरोबेकची, शाई बर्चेटची ही जोडी बहुतेक अंकांत टिकली, आणि गंमत म्हणजे त्यामुळे पात्रं कॉमिकमध्ये मालिकेपेक्षाही जास्त एकसारखी दिसली. पॅरोबेक २ जुलै १९९६ रोजी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेला. या शैलीत नंतर काम करणाऱ्यांना मापदंड म्हणून दाखवलं जातं ते त्याचंच काम.

आवाज नाही, मग काय

केव्हिन कॉनरॉय ब्रूस वेनसाठी एक आवाज वापरायचा आणि बॅटमॅनसाठी दुसरा. मार्क हॅमिलच्या जोकरचं अर्धं भय त्याच्या हसण्यात होतं. शर्ली वॉकरच्या वाद्यवृंदाचं संगीत तर प्रत्येक भागाचा कणा होता. कागदावर यातलं काहीच येत नाही. आवाजाची जागा भरायची म्हणून ठळक अक्षरं आणि ‘धडाम’ छापाचे ध्वनिशब्द पानभर उधळणं हा हमखास फसणारा उपाय आहे. त्यातून १९६६ च्या विनोदी बॅटमॅन मालिकेची आठवण येते, आणि ही मालिका तर तिच्या उलट टोकाला उभी होती.

इथे दोन गोष्टी कामी आल्या. ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांतला फरक देहबोलीत टाकला: ब्रूसचे खांदे सैल, हात खिशात, चेहऱ्यावर हसू, बॅटमॅन बहुधा पाठमोरा किंवा अर्धा सावलीत. दुसरं म्हणजे पडद्यावर दाखवायला अवघड अशा कल्पना घेतल्या. चौथ्या-पाचव्या अंकात स्केअरक्रो हा खलनायक बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या लोकांची वाचण्याची शक्तीच हिरावून घेतो. वाचणं थांबलं तर शहराचं काय होईल, ही कल्पना वाचल्या जाणाऱ्या माध्यमातच खरी बोचते.

थट्टेलाही जागा होती. मास्टरमाइंड, मिस्टर नाइस आणि द परफेसर हे तीन फुसके गुन्हेगार म्हणजे डीसीच्याच माइक कार्लिन, आर्ची गुडविन आणि डेनी ओ’नील या संपादकांची व्यंगचित्रं होती. ज्याला माहीत त्याने हसावं, ज्याला नाही त्याला तीन बावळट चोर पुरेत. लहान-मोठे दोन्ही वाचक एका पानावर सांभाळायची ही युक्ती आजही तितकीच उपयोगी.

बंधनांबाबत दोन्ही माध्यमांची कुंपणं वेगळी होती. मुलांच्या वेळेतल्या मालिकेवर वाहिनीच्या नियमखात्याची नजर असे. रक्त, काच फोडून माणूस बाहेर फेकणं, मुलं संकटात दाखवणं अशा गोष्टींवर आक्षेप येत. टिमने हे सगळे निषिद्ध प्रकार एकाच चित्रात कोंबून त्याची फिरकी घेतली होती. कॉमिकला कॉमिक्स कोडची, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच ठरवलेल्या नियमावलीची, चौकट होती, पण प्रत्येक चित्रासाठी वाहिनीशी हुज्जत घालावी लागत नव्हती. पकेटने ही मोकळीक हिंसा वाढवायला वापरली नाही. ती त्याने शांत, उदास, खलनायकाची बाजू मांडणाऱ्या कथांवर खर्च केली. दहाव्या अंकातला रिडलर आठवावा: एकदा तरी बॅटमॅनला कोड्यात हरवता यावं, एवढंच त्याला हवंय.

बॅटगर्लच्या दोन सुरुवाती

आता बिघाडाकडे. बारावा अंक, सप्टेंबर १९९३. पोलीस आयुक्त गॉर्डनची मुलगी बार्बरा गॉर्डन पोशाख-पार्टीला बॅटगर्ल बनून जाते, तिथे हार्ली क्विन आणि पॉयझन आयव्ही येऊन धडकतात आणि तिला खरोखरच लढावं लागतं. हार्ली टीव्हीवर ११ सप्टेंबर १९९२ च्या ‘जोकर्स फेव्हर’ या भागात आलीच होती. कॉमिकमध्ये ती पहिल्यांदा दिसली ती इथे. म्हणूनच संग्राहकांच्या बाजारात या मालिकेतला सर्वांत महागडा अंक हाच.

पण अंक दुकानात गेल्यावर काही आठवड्यांनी, १३ आणि १४ सप्टेंबरला, टीव्हीवर ‘शॅडो ऑफ द बॅट’ हे दोन भाग लागले. त्यांत बार्बरा पोशाख चढवते ती अटक झालेल्या आपल्या वडिलांसाठी. एकाच विश्वात एकाच पात्राच्या दोन सुरुवाती, त्याही एकाच सुमारास.

असं का होतं? ॲनिमेशनचा भाग पटकथेपासून प्रसारणापर्यंत अनेक महिने घेतो, आणि प्रसारणाचा क्रम वाहिनी ठरवते. कॉमिकचा अंक त्या मानाने लवकर तयार होतो आणि त्याची तारीख पक्की असते. मालिकेत काय शिजतंय हे संपादकाला ठाऊक असलं तरी ते कधी दिसेल हे ठाऊक नसतं. रेने मोंटोया या पोलीस अधिकाऱ्याच्या बाबतीत हा वेगांतला फरक सुखाचा ठरला: ती मालिकेसाठी घडवलेली, पण मार्च १९९२ च्या ‘बॅटमॅन’ क्र. ४७५ मध्ये, म्हणजे मालिकेच्याही आधी, कॉमिकमध्ये येऊन बसली. तिच्या मागे कुठली मूळकथा नव्हती, त्यामुळे काहीच आदळलं नाही. बॅटगर्लच्या बाबतीत मूळकथाच सांगितली गेली आणि टक्कर झाली.

यातून निघणारा कामाचा नियम सरळ आहे. मालिका चालू असताना जोडकॉमिकने, म्हणजे मालिकेला जोडून निघणाऱ्या कॉमिकने, पात्राची सुरुवात, मृत्यू, लग्न आणि ओळख उघड होणं या चार गोष्टींना हात लावायचा असेल तर मालिकेच्या लेखकांच्या टेबलावरून लेखी होकार हवा. नसेल तर कथा दोन प्रसारित भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवायची आणि शेवटच्या पानावर सगळी पात्रं जिथून उचलली तिथे परत ठेवायची.

उलटा प्रवास

मालिकेच्या माणसांनीच कॉमिक लिहिलं की काय होतं, ते ‘मॅड लव्ह’मध्ये दिसलं. फेब्रुवारी १९९४ चं हे विशेष पुस्तक मालिकेचा लेखक पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांचं. आर्कम इस्पितळातली तरुण मानसोपचारतज्ज्ञ हार्लीन क्विन्झेल जोकरवर उपचार करता करता त्याच्या प्रेमात कशी पडली आणि हार्ली क्विन कशी झाली, ही तिची मूळकथा. वर सांगितलेला नियम इथे मोडलेला नाही: होकार देणारे आणि लिहिणारे एकच होते. पुस्तकाला १९९४ चा उत्कृष्ट एकल अंकाचा आयस्नर मिळाला, आणि पुढच्याच वर्षी तोच पुरस्कार ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स हॉलिडे स्पेशल’ला.

नंतर दोन्ही पुस्तकं टीव्हीवर गेली. हॉलिडे स्पेशलवरून केलेला ‘हॉलिडे नाइट्स’ १३ सप्टेंबर १९९७ रोजी दाखवला गेला. ‘मॅड लव्ह’चा भाग १६ जानेवारी १९९९ रोजी. कॉमिकमधून निघालेली मालिका, मालिकेतून निघालेलं कॉमिक आणि त्या कॉमिकवरून पुन्हा मालिकेचा भाग! १९९९ मध्ये हार्लीला डीसीच्या मुख्य विश्वातही जागा मिळाली आणि २००० च्या अखेरीस स्वतःचा मासिक अंक.

‘मॅड लव्ह’ची पानं आणि भाग एकत्र पाहिले की रूपांतराची उलटी बाजू कळते. पुस्तकात हार्लीनच्या कॉलेजकाळाला जागा होती. २२ मिनिटांत तिला वाव नव्हता. पण जोकर आपल्या बापाची हकीकत सांगतो तो प्रसंग हॅमिलच्या आवाजाने पुस्तकापेक्षा जड झाला. खिडकीबाहेर ढकलली गेलेली हार्ली मात्र पानावर जास्त लागते, कारण तिथे ती चौकट पुढे सरकत नाही.

नाव बदललं की अंक पहिला

३६ अंकांनंतर, ऑक्टोबर १९९५ मध्ये ही मालिका थांबली, पण काम थांबलं नाही. टीव्ही मालिकेचं नाव दरम्यान ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ झालं होतं, म्हणून नोव्हेंबर १९९५ पासून कॉमिकही ‘द बॅटमॅन अँड रॉबिन ॲडव्हेंचर्स’ या नावाने पुन्हा क्रमांक एकपासून सुरू झालं आणि डिसेंबर १९९७ पर्यंत २५ अंक चाललं. १९९७ मध्ये मालिका दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि पात्रांचं रूपच बदललं. बॅटमॅनच्या छातीवरचं पिवळं वर्तुळ गेलं, पोशाखातला निळा गेला. जोकरचे डोळे काळे झाले, आत नुसते पांढरे ठिपके, आणि ओठांचा लाल रंगही गेला. कॉमिकवाल्यांना सगळी मॉडेल शीट्स नव्याने पाठ करावी लागली. जोकरची नजर कुठे आहे हे आता बुबुळाने दाखवता येत नव्हतं. मान आणि भुवया वळवून दाखवावं लागत होतं.

गोष्टीतही दोन वर्षांची फट पडली होती. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन असलेला डिक ग्रेसन नाइटविंग कसा झाला, नवा रॉबिन टिम ड्रेक कुठून आला? हे बुजवायला १९९८ मध्ये ‘द लॉस्ट इयर्स’ ही पाच अंकांची लघुमालिका काढली गेली. मग जून १९९८ पासून ‘बॅटमॅन: गॉथम ॲडव्हेंचर्स’, मे २००३ पर्यंत ६० अंक. मालिका जानेवारी १९९९ मध्ये संपली, तरी कॉमिक त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ सुरू राहिलं. याच घराण्यातल्या ‘सुपरमॅन ॲडव्हेंचर्स’चंही तसंच: सुपरमॅनची टीव्ही मालिका ५४ भागांत आटोपली, कॉमिकचे ६६ अंक निघाले.

मालिका संपल्यावर जोडकॉमिक बंद पडावं असा सर्वसाधारण समज असतो. इथे उलट झालं, कारण कथा आधीपासून स्वतःच्या पायावर उभ्या होत्या आणि टक्कर व्हायला समोर नवा भागच उरला नव्हता. जून २००३ मध्ये ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ हे नाव (आता ‘द’ नाही) घेऊन सुरू झालेल्या मालिकेत डॅन स्लॉट आणि टेम्पलटन यांनी थेट पेंग्विनला गॉथमचा महापौर केलं आणि लांब पल्ल्याचं कथानक विणायला घेतलं. जुन्या मालिकेचे धागे पुढे नेणारी ही बहुधा सर्वांत धीट आवृत्ती होती. ती सतराव्या अंकावर, ऑक्टोबर २००४ ला बंद झाली. कारण? सप्टेंबर २००४ मध्ये ‘द बॅटमॅन’ ही अगदी वेगळ्या रूपाची नवी मालिका टीव्हीवर आली, आणि तिच्यासाठी ‘द बॅटमॅन स्ट्राइक्स’ हे नवं कॉमिक काढलं गेलं, जे ५० अंक चाललं. त्याच ऑक्टोबरमध्ये ‘जस्टिस लीग ॲडव्हेंचर्स’ही ३४ व्या अंकावर आटोपून ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ला वाट करून देण्यात आली.

चारही मासिक मालिकांचे मिळून १३८ अंक होतात. वार्षिकं आणि विशेष पुस्तकं वेगळी. टीव्हीचे दोन्ही टप्पे धरून भाग १०९. एवढं काम चार नावांत विखुरल्याचा तोटा वाचकाला आजही होतो. नावं इतकी सारखी की जुन्या अंकांच्या दुकानात १९९२ चा क्र. १ मागावा आणि २००३ चा हातात पडावा. मागवताना नावाबरोबर वर्ष सांगणं हाच उपाय.

ज्याला हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचं आहे, त्याने डीसीने २०१४ पासून काढलेल्या संग्रहांपैकी पहिला खंड घ्यावा. त्यात पहिले दहा अंक आहेत, म्हणजे टेम्पलटन, रेडर आणि पॅरोबेक तिघेही एकाच पुस्तकात भेटतात. तिसरा, सहावा आणि सातवा अंक शेजारी उघडून फक्त बॅटमॅनचा झगा बघत जावा, शब्द न वाचता. नंतर दहावा अंक शब्दांसकट. ‘मॅड लव्ह’ वाचायचं ते टीव्हीवरचा भाग पाहण्याआधी. क्रम उलटला तर जोकरच्या प्रत्येक फुग्यात हॅमिलचा आवाज ऐकू येतो आणि पानाने एकट्याने काय साधलं ते कळत नाही. २००३ च्या मालिकेनंतर पुढे काय, असं विचारणाऱ्यासाठी २०२० मध्ये आधी डिजिटल स्वरूपात सुरू झालेली ‘बॅटमॅन: द ॲडव्हेंचर्स कंटिन्यू’ आहे. लेखन पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट यांचं, चित्रं टाय टेम्पलटनची.